कॉलरच नसेल तर धरायचं कुठे?

पत्राचा सारांश: रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून एका प्रशिक्षकाचं पत्र आलं आहे. वय 31. शाळेपासून ज्युदो, ब्लॅक बेल्ट, राज्य पातळीवर खेळलेले. नोकरी सांभाळून आठवड्यातून तीन संध्याकाळी ते शाळेच्या हॉलमध्ये वीस-बावीस मुलामुलींना शिकवतात. गेल्या मे महिन्यात मुंबईला भावाकडे गेले असताना ते नो-गी ग्रॅपलिंगच्या, म्हणजे ज्युदोचं जाड जॅकेट (गी) न घालता झोंबायच्या, एका जिममध्ये गेले. दोनच वर्षं शिकलेल्या बावीस वर्षांच्या मुलाने सात मिनिटांत त्यांना तीनदा टॅप करायला, म्हणजे हार मानायला लावलं. "मी तिन्ही वेळा सेओई-नागेला आत शिरलो, तिन्ही वेळा हात साबणासारखा निसटला आणि तो माझ्या पाठीवर बसला," असं ते लिहितात. (सेओई-नागे म्हणजे समोरच्याला खांद्यावरून फेकायचा डाव.) तेव्हापासून आपली सतरा वर्षं नुसती कपड्याला धरून गेली, असं त्यांच्या मनाने घेतलंय. पावसाळ्यात गी वाळत नाही, काही पालकांना ती परवडत नाही, मोठी मुलं मोबाइलवर एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) बघून "सर, हे शिकवा" म्हणतात. ज्यांच्या हाताखाली ते तयार झाले ते सर मात्र म्हणतात, कपडा उतरवला की ज्युदो उरत नाही. गीचा वर्ग बंद करून सरळ नो-गी सुरू करावं का, आणि त्यासाठी आपण पहिल्यापासून कुस्ती शिकायला हवी का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी अडले. "तिन्ही वेळा आत शिरलो," हे तुम्ही तक्रारीच्या ओघात लिहून पुढे गेलात. माझ्या मते अख्ख्या पत्रातलं मोलाचं वाक्य तेच आहे. समोरचा मुलगा रोज कपड्याशिवाय लढतो, मॅट त्याची, नियम त्याचे. अशा माणसाचा तोल हलवून, वळून, तुम्ही तीनदा त्याच्या कंबरेखाली पोचलात. पावलं बरोबर पडली, वेळ बरोबर साधली. बिघडलं ते त्यानंतर. हात सुटला, आणि हात सुटल्यावर काय करायचं ते तुम्हाला कधी कुणी शिकवलेलंच नव्हतं. हा शेवटचा वीतभर भाग शिकायचा राहिलाय, एवढंच मला दिसतं. त्यासाठी सतरा वर्षं पुसून टाकायचा हिशेब मला पटत नाही.

कपडा नेमकं काय काम करत होता, ते आधी बघू या. त्याने तुम्हाला धरायला जागा दिली होती, तीही समोरच्याच्या अंगापासून हातभर लांब. शिवाय ती पकड घामाने निसटत नव्हती. गी गेली की दोन्ही जातात. अंतर मिटतं, छातीला छाती लागते, आणि बोटांच्या जोरावर काही धरून ठेवता येत नाही. आपल्या हवेत तर मुळीच नाही. ओला मासा मुठीत आवळला तर सुळकन सुटतो, हे तुम्हाला सांगायला नको. मोठा मासा उचलायचा तर कल्ल्यात बोटं घालून उचलतात. कपड्याशिवायची पकड अशी आहे: आवळण्यापेक्षा अडकवायचं. माणसाच्या अंगावर अडकवण्याजोग्या जागा म्हणजे काख, कोपराच्या वरचा दंड, मानेमागचा भाग आणि कंबर. मनगट धरता येतं, पण ते क्षणभरासाठी, दुसरी चांगली जागा मिळेपर्यंत. तुमचा हात निसटला, कारण तुम्ही बाहीच्या सवयीने मनगट धरून खेचलंत आणि त्याच्यावर अख्ख्या डावाचा भार टाकलात. तुम्ही हे लिहिलेलं नाही, पण ज्युदोतून येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो. मीही केलंय.

म्हणून बाहीच्या जागी ओव्हरहुक आणा. समोरचा तुमच्या काखेतून पाठीकडे हात घालतो, तेव्हा वरून त्याच्या दंडाला विळखा घालायचा, कोपर आपल्या बरगडीशी घट्ट. हा विळखा घामातही टिकतो, कारण तो बोटांवर अवलंबून नसतो. कॉलरच्या जागी मानेमागचा हात: तळवा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, कोपर त्याच्या गळ्याच्या हाडावर टेकवून. किंवा मग अंडरहुक, म्हणजे त्याच्या काखेतून आपला हात वर, तळवा खांद्याच्या पात्यावर. ओव्हरहुकमधून हराई-गोशी आणि उची-माता हे पायाने झाडत कंबरेवरून फेकायचे डाव मारून बघा. तुमच्या पायाला आणि कंबरेला नवं काही करायचं नाही, फक्त अंतर इतकं कमी वाटेल की पहिले पंधरा दिवस श्वास कोंडल्यासारखं होईल. अंडरहुकमधून ओ-गोशी, म्हणजे कंबरेवरची साधी फेक, जमते. दोन्ही हात कंबरेभोवती बांधले गेले की ओ-उची-गारी आणि को-उची-गारी, हे आतून पाय उडवायचे डाव. ताई-ओतोशी किंवा सासाए या पाय अडवून पाडायच्या डावांना मात्र लांबून धरायला काहीतरी लागतं, त्यामुळे ते डाव या कामात मागे पडतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, गीच्या दिवशी ते आहेतच.

तुमच्या सेओई-नागेबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तो तुमचा हातखंडा डाव दिसतो. तो कपड्याशिवाय चालत नाही, हे चूक आहे. आपल्या मातीतल्या कुस्तीचा धोबीपछाड दुसरं काय आहे? पैलवानाच्या अंगावर लंगोटाखेरीज काही नसतं, म्हणून तर ते एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, पकड मिळावी म्हणून. समोरच्याचा दंड, मनगट नव्हे, आपल्या कोपराच्या खोबणीत कायम बसला आणि पाठ त्याच्या छातीला चिकटली, तर खांद्यावरून माणूस जातो. तरीही पहिले सहा महिने हा डाव बाजूला ठेवा, असं मी सुचवेन. कारण पकडीचं नाही, नियमांचं आहे.

ज्युदोत वळून मारलेला डाव फसला तर तुम्ही पालथे पडता, हात-पाय आखडून घेता, आणि थोड्या वेळात पंच "माते" (थांबा) म्हणतात. दोघं पुन्हा उभे. नो-गीमध्ये "माते" नाही. पाठ दिली की तो पाठीवर चढतो, पाय आत अडकवतो आणि गळ्याला हात घालतो, जो आपला हदाका-जिमेच आहे. तुमच्या सात मिनिटांत नेमकं हेच तीनदा झालं. दुसरं असं की तिथे इप्पॉन, म्हणजे एका फेकीत लढत जिंकून देणारा पूर्ण गुण, नाही. तुम्ही कितीही सुंदर फेकलंत तरी लढत तिथे संपत नाही. म्हणून डाव निवडताना "लागला तर काय" याच्या आधी "फसला तर मी कुठे असेन" हे विचारायला शिका. या प्रश्नावर पायाने झाडायचे डाव सगळ्यांत वर येतात. दे-आशी-बाराई फसली तर तुम्ही उभेच असता, तोंड समोर. त्याचा एक हात दोन्ही हातांनी धरून त्याला बाजूला चालवत न्या, आणि पाऊल टेकायच्या क्षणी झाडा. ज्युदोवाल्याचा पाय जितका हुशार असतो तितका जिममध्ये फार थोड्यांचा असतो. तुमची खरी पुंजी ही आहे.

मान कवळून मारलेल्या कोशी-गुरुमाबद्दल एक सावधगिरी. नुसती मान धरून फेकू नका, दुसऱ्या हाताने त्याचा दंड अडकलेला हवा. तो हात मोकळा राहिला की माणूस मागून निसटून तुमच्या पाठीवर येतो. आपली ढाक मारणारे पैलवानही मान आणि हात दोन्ही ताब्यात घेतात.

आता कुस्ती पहिल्यापासून शिकायची का, या प्रश्नाकडे येते. यामागे तुम्ही असं गृहीत धरलंय की कपड्याशिवायची झुंज म्हणजे खाली वाकून पट काढणं, म्हणजेच पाय धरून पाडणं, आणि ते आपल्याला येत नाही. पट काढणं आणि त्यातून सुटणं तुम्हाला शिकावं लागेल, यात शंका नाही. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने 2010 पासून थेट पाय धरण्यावर बंधनं आणली आणि 2013 पासून ते पूर्ण बंद केलं, त्यामुळे तुमच्या पिढीच्या हातातून ती सवय गेली. पण तुम्ही फ्रीस्टाइल बघत बसण्याआधी ग्रीको-रोमन बघा. तिथे कंबरेखाली धरायला बंदी, अंगावर जॅकेट नाही, आणि तरी माणसं कंबरेवरून उडतात. उभ्याने, छातीला छाती लावून पकड कशी मिळवायची याची ती शाळाच आहे. तिथे पायाने अडवता किंवा झाडता येत नाही, ते तुमच्याकडे आहे. दोन्ही जुळवलंत की काय होतं ते जगाने पाहिलंय. रॉन्डा राउझी यांनी 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ज्युदोचं कांस्यपदक घेतलं आणि पुढे एमएमएच्या पिंजऱ्यात, अंगावर जॅकेट नसलेल्या प्रतिस्पर्ध्यांना मान-हात कवळून कंबरेवरून फेकलं.

आणि पट शिकायला लांब जाऊ नका. तांबड्या मातीचे आखाडे घाटावर जास्त, पण कबड्डी आपल्या वाडीवाडीत आहे. तुमच्या वीस-बावीस मुलांत कबड्डी खेळणारी पाच-सहा तरी असतील. चढाईवर आलेल्याची मांडी किंवा घोटा कुठल्या क्षणी पकडायचा हे त्यांच्या अंगात आहे. एक संध्याकाळ त्यांना शिकवू द्या आणि तुम्ही शिका. मुलांना त्याचा किती आनंद होईल याचा विचार करा.

सरांच्या वाक्याबद्दल बोलायचं तर, ज्युदो एका जागी थांबलेली गोष्ट कधीच नव्हती. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही ज्युदोची पहिली शाळा सुरू केली. त्याआधी विद्यार्थी असताना एका धिप्पाड सोबत्याला ते काही केल्या पाडू शकत नव्हते, तेव्हा त्यांनी ग्रंथालयात पाश्चात्त्य कुस्तीचं पुस्तक शोधून त्यातून काता-गुरुमा बसवला, असं सांगतात. खांद्यांवर आडवा उचलून टाकायचा तो डाव आपला कलाजंग ओळखणाऱ्याला लगेच ओळखू येईल. ज्या माणसाने ज्युदो घडवला तो शेजारच्या घरातून डाव आणायला लाजला नाही. तुम्ही का लाजावं?

तरीही गीचा वर्ग बंद करू नका, आणि याचं माझं कारण अगदी रोकडं आहे. ज्युदो शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये आहे, आणि दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे क्रीडा गुण त्या स्पर्धांशी जोडलेले आहेत. एखाद्या मच्छीमाराच्या मुलीला त्या गुणांनी काय फरक पडतो ते मी जवळून पाहिलंय. तुमच्या जिद्दीपायी तिचं नुकसान व्हायला नको. कपड्याशिवायच्या कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं आणि कुठलं नाही, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन आधी विचारा, पालकांना मग सांगा. गी परवडत नसेल तर वर्गाची सामाईक सात-आठ जॅकेट्स ठेवा, उंचीप्रमाणे. वाढत्या मुलांची जुनी जॅकेट्स लहानांना द्या. मुंबईच्या चाकरमान्यांकडे मागायलाही हरकत नाही. गणपतीत येताना कुणी ना कुणी आणतंच.

तीन संध्याकाळींपैकी दोन गीच्या ठेवा, एक नो-गीची. पावसाच्या चार महिन्यांत हवं तर उलटं करा, कारण पडवीत तीन दिवस दोरीवर राहूनही दमट वास मारणारं जॅकेट मुलाच्या अंगावर चढवण्यात काही शौर्य नाही. नो-गीच्या दिवशी पहिले दोन महिने फेकाफेक जवळजवळ नको. दोघांनी समोरासमोर उभं राहून काखेतून हात आत घालायची झटापट करायची, ज्याला पमेलिंग म्हणतात. आधी संथ, मग जोराने. मला यातली सर्वांत उपयोगी पायरी वाटते ती अशी: अंगात गी घालायची, पण कपडा धरायचा नाही. फक्त ओव्हरहुक, अंडरहुक, मान, कंबर. कपड्यामुळे घर्षण असतं, त्यामुळे नवी पकड लवकर कळते. ती बसली की टी-शर्ट किंवा रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा सरावाचा शर्ट), आणि मग सरावाच्या शेवटी, अंग पूर्ण ओलं झालेलं असताना, तेच पुन्हा. कोरड्या अंगावर जमलेला डाव ओल्या अंगावर जमेल असं समजू नका. उचिकोमी, म्हणजे न फेकता डावात शिरायचा सराव, तोही त्याच पकडीतून करा, नाहीतर पाय एक शिकतो आणि हात दुसरंच.

खेचण्याबद्दल एक. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं दंडाने ओढत नाहीत. दोर कंबरेशी घेऊन अंगाचा भार मागे देतात, पावलं वाळूत रुतवत सरकतात. कपड्याशिवाय तोल काढायचा तो असाच, कोपरं अंगाशी ठेवून आणि पूर्ण शरीराने. मुलांना किनाऱ्यावर नेऊन दाखवा, शब्दांत सांगण्यापेक्षा लवकर कळेल. मात्र पुळणीवर थ्रो मारू देऊ नका. भरतीच्या ओल्या वाळूची जमीन लाद्यांइतकी कठीण असते, आणि ती दिसते मऊ.

पडण्याची काळजी इथे जास्त घ्यावी लागते. गीमध्ये फेकणारा शेवटच्या क्षणी बाही वर खेचून धरतो, त्यामुळे पडणाऱ्याचं डोकं आणि खांदा वाचतो. ती दोरी आता नाही. फेकणाऱ्याने दंडाचा विळखा शेवटपर्यंत सोडायचा नाही, आणि पडणाऱ्याने हात टेकून पडणं टाळायचं, कोपर त्यानेच निखळतं. उकेमीचा, म्हणजे सुरक्षित पडण्याचा, सराव पुन्हा पहिल्या इयत्तेसारखा घ्या. मागून कंबर धरून समोरच्याच्या गुडघ्यामागे बसकण मारायची तानी-ओतोशी शिकाऊ मुलांना अजिबात नको, गुडघ्याचे स्नायुबंध तुटतात. उडी मारून दोन्ही पायांची कात्री घालायची कानी-बासामी तर कुणालाच नको. 1980 च्या अखिल जपान वजनगट स्पर्धेत यासुहिरो यामाशिता यांचा पाय त्याच डावाने मोडला, आणि ज्युदोत तो पुढे बंदच झाला. जमिनीवर गेल्यावर तुमची जुजी-गातामे (कोपर ताणून अडकवायचं कुलूप) तशीच चालेल, कॉलरने गळा आवळायचे डाव जातील. पायाच्या कुलपांचं मात्र ज्युदोत काहीच शिकवत नाहीत. टाच पिरगाळण्याच्या कुलपात दुखायला लागेपर्यंत गुडघ्याचं नुकसान झालेलं असतं. तुम्ही स्वतः जाणत्याकडून शिकेपर्यंत वर्गात त्याला बंदी ठेवा.

आणि त्वचा. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, पण जून ते सप्टेंबर कोकणात नो-गीचा वर्ग चालवणाऱ्याची खरी लढाई नायट्याशी असते. उघडं अंग उघड्या अंगावर घासतं, हवेत ओल, मॅटखालची फरशी पाझरते. एका मुलाच्या मानेवरचा गोल चट्टा पंधरा दिवसांत सहा जणांवर दिसतो. दारातच हात, मान, पाय बघायची सवय ठेवा, आणि ज्याला चट्टा आहे त्याला न लाजवता बाजूला बसवा. तो मुलगा त्या दिवशी वेळ मोजेल, गुण लिहील. मेडिकलमधून आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावू देऊ नका. खाज दोन दिवस थांबते आणि नायटा पसरतो, नंतर औषधालाही दाद देत नाही. त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा. प्रत्येक वर्गानंतर मॅट जंतुनाशकाने पुसा आणि उभ्या करून वाळवा, मुलांना घरी गेल्या गेल्या साबणाने आंघोळ, ओला टी-शर्ट पिशवीत रात्रभर नको. नखं कापलेली हवीत. मुली असतील तर त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचे रॅशगार्ड आणि लांब टाइट्स, आणि जोडी कुणाशी लावायची हे त्यांना विचारून. इतक्या जवळच्या पकडीत हे विचारणं गीपेक्षा जास्त गरजेचं आहे. पालकांना एकदा हॉलमध्ये बोलवून पूर्ण वर्ग बघू द्या.

राहता राहिले सर. "कपडा उतरवला की ज्युदो उरत नाही," हे त्यांनी कशावरून म्हटलं, ते तुम्ही त्यांना कधी विचारलंय का? पत्रावरून तसं वाटत नाही. कदाचित त्यांनी घाईघाईने जोर लावणारी, पावलांकडे न बघणारी मुलं पाहिली असतील आणि त्यांची भीती ती असेल. ती भीती रास्त आहे. महिनाभर ओव्हरहुकची हराई-गोशी घोटा. मग एका विद्यार्थ्याला घेऊन त्यांच्याकडे जा, सुट्टीच्या दिवशी, सकाळी. आधी गी घालून मारून दाखवा, मग गी काढून तीच. परवानगी मागू नका, बाजूही मांडू नका. एवढंच विचारा: "सर, कपडा नसताना माझी कंबर कुठे कमी पडते, ते बघता का?"